दमाचं माप : अंगानं भारी माणसाच्या व्यायामाचा थोडा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला व्यायामाशी काय देणं-घेणं? प्रश्न रास्त आहे. पण आजचा विषय सबंध व्यायाम हा नाही. विषय आहे व्यायामाचा पहिला दिवस. आणि तोही कोणाचा? ज्याचं वजन शंभर-सव्वाशे किलोच्या घरात आहे, पन्नाशी जवळ आली आहे, शाळा सुटल्यापासून मैदानाशी संबंध आलेला नाही, आणि डॉक्टरांनी ‘आता व्यायाम सुरू करा’ एवढं सांगून पुढचा पेशंट आत बोलावला आहे, अशा माणसाचा. किती करायचं, कुठे थांबायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग तो आजूबाजूला बघतो. सोसायटीतला कोणी रोज पाच किलोमीटर पळतो, म्हणून हाही पळायला जातो. चौथ्या दिवशी गुडघा धरतो, आठव्या दिवशी नवे बूट माळ्यावर जातात, आणि आपण सगळे एका शब्दात निकाल लावतो : आळशी!

मला वाटतं, इतिहास तपासला तर हा प्रश्न आळसाचा कमी आणि मापाचा जास्त आहे. भारी माणसाला दर वेळी दुसऱ्याच्या अंगाचं माप लावलं गेलं. त्याचं स्वतःचं माप त्याच्याजवळच असतं, ते म्हणजे त्याचा श्वास. हे ज्या थोड्या लोकांनी ओळखलं त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

आपल्या मराठीत यासाठी एक फार चांगला शब्द आहे. दम. दम लागतो, दम धरावा लागतो, आपण दम खातो, कोणी आपल्याला दम देतो, आणि काम करायचं ते दमानं. हा दम फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ श्वास. संस्कृतातही एक दम आहे, शम-दमातला, त्याचा अर्थ निग्रह, इंद्रियांना आवरणं. दोन्ही शब्दांची कुळं वेगळी, पण मराठीत येऊन ते शेजारी राहायला लागले. स्थूल माणसाला आजवर जो उपदेश झाला तो बहुतेक संस्कृत दमाचा. त्याला गरज होती फारसी दमाची.

आता आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांपासून सुरू करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक अध्याय आहे, अष्टौनिंदितीय. निंदिले गेलेले आठ प्रकारचे देह. अति उंच, अति ठेंगणा, अंगावर फार केस असलेला, अजिबात नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश. वैद्यकाच्या ग्रंथात ‘निंदित’ हा शब्द यावा याची मला नेहमी गंमत वाटते, आणि थोडा रागही येतो. रोग्याला निंदित म्हटलं की अर्धी चिकित्सा तिथेच बिघडते. पण चरकाला न्याय द्यायचा तर पुढचंही सांगितलं पाहिजे. स्थौल्याची कारणं देताना तो अति खाणं, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं हे सगळं सांगतो, आणि त्याच यादीत बीजस्वभाव असाही शब्द घालतो. म्हणजे आई-बापांकडून आलेला भाग. सगळा दोष माणसाच्या माथी मारून तो मोकळा होत नाही.

सुश्रुत आणखी पुढे जातो. चिकित्सास्थानात व्यायामाचे गुण सांगताना तो म्हणतो, की स्थूलपणा उतरवणारी याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. या विधानाकडे मी नंतर परत येणार आहे, कारण ते जसंच्या तसं मान्य करता येत नाही. महत्त्वाचं आहे ते त्यानं घातलेलं बंधन. व्यायाम अर्ध्या बळानं करावा. आणि अर्धं बळ ओळखायचं कसं? इथे त्याची बुद्धी दिसते. तो अमुक इतके जोर, तमुक इतक्या बैठका असा आकडा देत नाही. छातीतला वारा तोंडाशी आला, म्हणजे तोंडानं श्वास घ्यावा लागला, की समजा अर्धं बळ झालं. तिथे थांबा. यात काय साधलं बघा. पहिलवानाचं अर्धं बळ हजार बैठकांनंतर येईल, आणि आपल्या सव्वाशे किलोच्या गृहस्थाचं गल्लीच्या कोपऱ्यावर येईल. नियम दोघांना एकच, माप मात्र ज्याचं त्याचं. वाग्भटानं पुढे ताकीद दिली, की अतिरेक करणारा माणूस हत्तीला ओढायला गेलेल्या सिंहासारखा नाश पावतो. त्या अतिरेकाच्या यादीत व्यायामाबरोबर जास्त बोलणंही आहे. व्याख्यात्यांनी नोंद घ्यावी!

सुश्रुताचाच प्रमेहाचा अध्याय याच्या जोडीला वाचावा. अपथ्यानं होणारा प्रमेह स्थूल, बैठ्या, खूप खाणाऱ्या माणसाला होतो असं तो म्हणतो, आणि गरीब रोग्याला सांगतो, की पायात जोडे नाहीत, डोक्यावर छत्री नाही, भिक्षा मागत, मुनीसारखा शंभर योजनं चालत जा. नाहीतर विहीर खण. आता शंभर योजनं! योजन लहानात लहान धरलं तरी काहीशे मैल होतात. अर्ध्या बळाचा उपदेश करणारा हाच का तो सुश्रुत, असं वाटतं. पण त्यात आणखी एक अट आहे : एका गावी एकच रात्र राहायचं. म्हणजे अंतर मोठं असलं तरी ते गावागावांत तोडलेलं आहे. आज एवढंच, उद्या पुढचं गाव. सलग वर्षभर चालायला लावणारं हे वेळापत्रक आहे, एका दिवसात उरकायचा पराक्रम नव्हे.

पुढे आपल्याकडे हा विचार क्षीण झाला असं मला दिसतं. तालमी होत्या, लाल माती होती, पण तालीम ही मुळात पोरासोरांची आणि धडधाकटांची जागा. आपल्या सांगण्यातल्या गोष्टीही कृश माणसानं अंग कमावल्याच्या. टिळकांनी डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष व्यायामाला दिलं, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. ते मुळात अशक्त होते. लठ्ठ मुलानं तालमीत पाऊल टाकलं आणि वस्तादानं त्याला मायेनं वाढवत नेलं, अशी गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. लठ्ठ मुलगा आपल्या साहित्यात येतो तो हसवायला.

म्हणून आता आपल्याला थोडं लांब, इंग्लंडात जावं लागेल. कारण स्थूल माणसानं स्वतःच्या तोंडानं स्वतःची हकिगत सांगितली, ती तिथे सापडते. डॉक्टर जॉर्ज चेन. मूळचा स्कॉटिश, अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनला आला, रॉयल सोसायटीचा सभासद झाला. नव्या डॉक्टरला रोगी मिळायचे ते ओळखीनं, आणि ओळखी व्हायच्या कॉफीहाउसात आणि पिण्याच्या गुत्त्यात. चेन खाऊ लागला, पिऊ लागला, मित्र वाढले आणि अंगही वाढलं. पुढे तो आजारी पडला तेव्हा हे मित्र शरदातल्या पानांसारखे गळून गेले असं त्यानंच लिहून ठेवलंय. त्याचं वजन पुढे ३२ स्टोनच्या वर गेलं. आजच्या हिशेबात २०० किलोहून जास्त. घोडागाडीची एक अख्खी बाजू उघडती करून घ्यावी लागली, तेव्हा तो आत बसू शकला. आणि बाथ गावात शंभर पावलं चालायची झाली तरी मागून एक नोकर तिपाई घेऊन चालायचा, मध्येच टेकण्यासाठी.

हे सगळं त्यानं ‘इंग्लिश मॅलडी’ या १७३३ च्या पुस्तकाच्या शेवटी, स्वतःची केस म्हणून छापलं. डॉक्टरनं स्वतःला रोगी म्हणून लोकांपुढे मांडणं ही त्या काळात, आणि खरं म्हणजे आजही, साधी गोष्ट नाही. त्याचा उपाय होता दूध आणि शाकाहार, आणि त्याबरोबर घोड्यावरची रपेट. चालता येत नव्हतं, मग घोडा चालेल आणि अंग हलेल. त्याआधीच्या, १७२४ च्या पुस्तकात त्यानं व्यायामाच्या अटी घातल्या आहेत : पोट रिकामं असावं, गळून जाईपर्यंत करू नये, आणि नंतर अंग गार पडू न देता विश्रांती घ्यावी. गळून जाईपर्यंत नको, हे वाक्य लिहिणारा माणूस शंभर पावलांत गळणारा होता, हे ध्यानात घ्या. सॅम्युअल रिचर्डसन हा कादंबरीकार त्याचा मित्र आणि रोगी. तोही लठ्ठ, बैठ्या कामाचा आणि लोकांसमोर जायला लाजणारा. त्याला चेननं पत्रातून सल्ला दिला, की घरात ‘चेंबर हॉर्स’ आण. म्हणजे स्प्रिंगा घातलेली उंच बैठकीची खुर्ची. तिच्यावर बसून वर-खाली हलायचं. आज हसू येईल. पण विचार करा : न दिसता, न हसं होता, खोलीच्या आत सुरुवात करायची सोय त्यानं मित्राला करून दिली. स्वतः चेन १७४३ मध्ये वारला, सत्तरी ओलांडून. ज्या प्रकृतीचा तो होता, तिच्या मानानं हे दीर्घायुष्यच.

यानंतरचं नाव विल्यम बँटिंग. लंडनचा, राजघराण्यातल्या अंत्यविधींची व्यवस्था करणाऱ्या घराण्यातला. उंची पाच फूट पाच इंच, आणि १८६२ मध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे ९२ किलोच्या आसपास. चेनपुढे हे काहीच नाही. पण बुटाची नाडी बांधता येत नव्हती, जिना उलट्या पावलांनी उतरावा लागायचा, आणि गाड्यांत, सभांत लोक टोमणे मारायचे. हे टोमणे त्यानं पुस्तिकेत मुद्दाम नोंदवले आहेत. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून तो पहाटे दोन-दोन तास जड होडी वल्हवू लागला. काय झालं? स्नायू मजबूत झाले, भूक भयंकर वाढली, भूक भागवली आणि वजन वाढलं. शेवटी एका मित्रानंच सांगितलं, बंद कर. पुढे ऐकू कमी येतं म्हणून तो कानाच्या डॉक्टर हार्वींकडे गेला. त्यांनी साखर, ब्रेड, बटाटा, बीअर बंद केलं, आणि वर्षभरात ४६ पौंड उतरले. त्याची पुस्तिका एवढी गाजली, की स्वीडिश भाषेत वजन उतरवण्यासाठी खाणं कमी करण्याला अजूनही ‘बाण्टा’ म्हणतात.

आता सुश्रुताच्या त्या विधानाकडे येऊ. स्थूलपणा उतरवायला व्यायामासारखं दुसरं काही नाही. बँटिंगचा अनुभव याच्या उलट पडतो, आणि आजचं शास्त्रही बरंचसं बँटिंगच्या बाजूनं आहे. नुसत्या व्यायामानं वजन उतरतं ते थोडं. मग व्यायाम सोडून द्यायचा? इथे फार माणसं हरतात. तीन महिने चालतात, काट्यावर उभी राहतात, काटा हलत नाही, चालणं थांबतं. शेजाऱ्याचं माप सोडलं आणि काट्याचं धरलं, एवढाच फरक. व्यायामानं नेमकं काय होतं हे विचारल्याशिवाय हा गुंता सुटत नाही, आणि तो सोडवायला विसाव्या शतकातल्या लंडनच्या बसगाड्या कामी आल्या.

त्या जुन्या दुमजली बसमध्ये एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. दोघं एकाच तऱ्हेच्या वस्तीतले, पगारही साधारण सारखे. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. डॉक्टर जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१,००० पुरुषांची पाहणी करून १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. हृदयविकार कंडक्टरांत कमी होता, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. यावर शंका निघाली, की ड्रायव्हर मुळातच जाडे असतील. मग मॉरिस गणवेशांच्या नोंदींकडे वळले. विजारीच्या कमरेची मापं! ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या निघाल्या. पण पुढे हिशेब केला, तेव्हा कृश, मध्यम आणि पोट सुटलेले असे तीन गट पाडूनही कंडक्टरच सरस ठरले. पोट सुटलेला कंडक्टर हा पोट सुटलेल्या ड्रायव्हरपेक्षा सुरक्षित होता. ही गोष्ट मी दोनदा सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. वजन तेच राहिलं तरी हालचालीचा फायदा मिळतो.

मधल्या काळातला एक दुवा राहिला. डब्लिनचे विल्यम स्टोक्स यांनी १८५४ च्या हृदयविकारावरच्या ग्रंथात रोग्यांना आधी सपाटीवर, मग हळूहळू चढावर चालवावं असं सुचवलं. म्युनिकच्या मॅक्स योसेफ ओर्टेल यांनी १८८० नंतर त्याची पद्धतच बसवली. लठ्ठ आणि हृदय दुबळं झालेल्या रोग्यांसाठी बाव्हेरियातल्या बाड राइखेनहाल, टायरॉलमधल्या मेरान अशा ठिकाणी डोंगरातल्या पायवाटा चढाप्रमाणे चार प्रकारांत वाटल्या : सपाट, किंचित चढ, जास्त चढ, उभा चढ. वाटेवर खुणा आणि ठरावीक अंतरावर बाकं. रोगी सपाट वाटेनं सुरुवात करायचा, धाप लागली की बाकावर बसायचा, आणि आठवड्या-आठवड्यांनी वरच्या वाटेला जायचा. चेनच्या मागून चालणाऱ्या नोकराची तिपाई इथे डोंगरात रोवली गेली, असं मला ते वाचताना वाटलं. चेनची तिपाई श्रीमंताची होती. बाक कोणाचंही असतं.

ओर्टेल मागे पडले, कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वैद्यकानं हृदयरोग्याला पलंगावर निजवलं. आठवडेच्या आठवडे. त्यामुळे पुढचा धागा सापडतो तो थेट न्यूझीलंडमध्ये, आणि तोही डॉक्टरकडे नव्हे, बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाकडे. आर्थर लिडियार्ड. रग्बी खेळणारा, स्वतःला तंदुरुस्त समजणारा. एका वयानं मोठ्या माणसाबरोबर पाच मैल पळायला गेला आणि जीव मेटाकुटीला आला. मग त्यानं स्वतःवर प्रयोग सुरू केले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी, तासाभराच्या अंतरानं सुवर्णपदकं जिंकली. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट त्यानंतर झाली. ऑकलंडमधल्या पोट सुटलेल्या, काही हृदयविकार होऊन गेलेल्या प्रौढांना त्यानं हळूहळू पळायला लावलं, आणि १९६२ मध्ये तिथे जॉगिंग क्लब निघाला. नियम असा, की बरोबरच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाचा नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणा म्हणून गेला. वय ५१. त्याला या मंडळींबरोबर पळायला नेलं. अर्ध्या मैलात तो मागे पडला आणि त्याच्या सोबतीला थांबला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक म्हातारा. म्हातारा गप्पा मारत होता, बॉवरमनच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. घरी परतल्यावर त्यानं आपल्या गावात वर्ग सुरू केला. एवढी माणसं लोटली, की एखादा जागीच मरेल या भीतीनं त्यानं तो थांबवला, आणि हृदयरोगतज्ज्ञ वाल्डो हॅरिस यांना घेऊन, तपासणी करून, पुन्हा नीट मांडला. दोघांचं पुस्तक १९६७ मध्ये निघालं आणि अमेरिकेत जॉगिंगची लाट आली. बॉवरमननं पुढे नाइकी कंपनी काढण्यात भाग घेतला, बुटांचा धंदा अफाट झाला. गप्पांचा नियम मात्र जाहिरातीत कुठे दिसला नाही. त्याला पैसे पडत नाहीत ना!

आता माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे, थोडं सरकतो. ‘मला दम लागलाय’ हे विधान ज्ञान आहे की नुसती तक्रार? बाहेरून मोजता येतं तेच खरं, असं मानणाऱ्यांना ती तक्रार वाटणार. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी मात्र या विधानाला आकडा दिला. श्रम किती वाटतात ते माणसानंच ६ ते २० मध्ये सांगायचं. ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे याहून शक्य नाही. आकडे असे विचित्र का? कारण निरोगी तरुणानं सांगितलेल्या आकड्याला दहानं गुणलं, तर त्याच्या नाडीचे ठोके साधारण तेवढे निघतात. माणूस आतून जे सांगतो त्याचा बाहेरच्या मोजणीशी मेळ बसतो! आज हृदयरोग्यांच्या व्यायामशाळेत ही पट्टी भिंतीवर लावलेली असते. सुश्रुताचा तोंडाशी आलेला वारा आणि बोर्गची पट्टी या दोघांत मला फारसं अंतर दिसत नाही.

तेव्हा आपल्या त्या गृहस्थाला काय सांगायचं? छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, साखरेची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टर, आणि या वेळी पुढचा पेशंट आत यायच्या आत किती आणि कसं हे विचारून घ्यायचं. मग सपाट जागा. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढ्या वेगानं चालायचं. बोलणं तुटलं की बसायचं. ते शंभर पावलांवर तुटलं तर आजचा व्यायाम शंभर पावलं. गुडघे चालू देत नसतील तर खुर्चीत बसून हात-पाय हलवायचे, किंवा पाण्यात उभं राहून चालायचं. पाण्यात वजनाचा बराच भार उतरतो. काट्यावर महिनाभर चढायचं नाही. महिन्यानं पाहायचं ते हे, की जिथे बसावं लागायचं त्या जागेच्या पुढे बोलणं चालू आहे का.

पण ‘बसायचं’ म्हटलं तर बसायचं कुठे? इथे हा प्रश्न एकट्याचा राहत नाही. आपल्या बागांतून पाहा. बाकं असतात ती फाटकाजवळ, झाडाखाली गोल करून, गप्पांच्या सोयीची. चालण्याच्या वाटेवर दर शंभर पावलांवर पाठीला टेकू असलेलं, उठताना हाताला आधार मिळेल असं बाक मला फार थोड्या ठिकाणी दिसलं. फूटपाथचं तर विचारूच नका. पुढच्या वेळी वॉर्डात बागेच्या दुरुस्तीचा विषय निघाला, तर व्यायामाच्या रंगीत यंत्रांबरोबर ही मागणी करून बघा. त्या यंत्रांचा भार सोसण्याची मर्यादा किती आहे तेही विचारा. ती आपल्या गृहस्थाच्या वजनाच्या खालीही असू शकते.

माझी वेळ झाली असं अध्यक्षांनी खुणेनं सांगितलंय, आणि वाग्भटाची यादीही डोळ्यांपुढे आहे. प्रश्न असतील तर घेऊ.